आमच्या आडनावाचा लेखक

मी एक हेरकथा लिहिली आहे आणि ती जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच वाचनालयांत आहे. कव्हरवर नाव माझं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझी चिडचिड कशाची आहे ते पुढे विचारावं लागणार नाही.

झालं असं, की पुण्यातल्या एका कंपनीचा कॉम्प्युटरवरचा खेळ बराच चालला होता. त्यात एक हेर असतो. पहारा चुकवून आत शिरायचं, कागद किंवा माणूस बाहेर काढायचा आणि कुणाच्या नजरेला पडायचं नाही. मारामारी जवळजवळ नाहीच. दिसलात की खेळ संपला. या खेळाचे एकामागून एक भाग निघाले, तेव्हा कंपनीला वाटलं की यावर मराठीत कादंबरी यावी. धुळ्याच्या एका प्रकाशकांनी ते काम अंगावर घेतलं. दिवाळी अंकांत आलेल्या माझ्या एक-दोन कथा त्यांनी वाचल्या होत्या. त्यांचा फोन आला तेव्हा मी जळगावात मेहरूणच्या आमच्या घरी मेथी निवडत बसले होते, आणि हेरकथा म्हटल्यावर मला आधी हसूच आलं.

एसटीने धुळ्याला गेले. कागदाच्या गोदामावर त्यांचं ऑफिस. माणूस बोलायला गोड. चहा झाला, शेव झाली, मग म्हणाले, "ताई, लिहाल तुम्ही झकास, त्यात शंका नाही. पण बाईचं नाव बघून हेरकथा कोण उचलेल? आडनाव तुमचंच ठेवू. आपल्याकडे निम्म्या तालुक्याचं तेच आडनाव आहे, लोकांना घरचं वाटेल. नाव तेवढं पुरुषाचं घेऊ."

आता आडनाव तरी माझं कुठलं? ते लग्नात मिळालेलं. माझ्या आईबापांनी ठेवलेलं जे एवढंसं माझं होतं, ते खोडायचं आणि सासरचं तेवढं ठेवायचं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी मी हो म्हणाले, कारण मला पुस्तक लिहायचं होतं. परतीच्या बसमध्ये पारोळा येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून स्वतःवरच धुसफुसत होते.

लिहायच्या आधी तो खेळ खेळून बघणं भाग होतं. नवऱ्याने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो घालून दिला. सुरुवातीला मी सारखी पकडली जायचे. मग एका दुपारी लक्षात आलं, की अगं, हे तर तू लग्न झाल्यापासून करते आहेस. आमच्या घरात स्वयंपाकघर मागे, न्हाणीघर पुढे आणि मध्ये हॉल. हॉलमध्ये माझे सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते आणि त्यांचे एसटीच्या वर्कशॉपमधले जुने सोबती बसलेले. त्यांच्यासमोरून सुनेने सारखं ये-जा करणं बरं दिसत नाही. म्हणून पेपर कधी वर जातो, हसण्याचा भर कधी येतो, दाराची कडी कशी उचलली की वाजत नाही, कुणाच्या खोकल्यानंतर कोण उठतं, हे सगळं मला पाठ. मी ते जसंच्या तसं माझ्या हेराला देऊन टाकलं. तो परक्या देशातल्या कचेऱ्यांमध्ये शिरायचा आणि आमच्या हॉलमधून चालल्यासारखा चालायचा.

आबांविषयी आता नीट सांगायला हवं. माणूस वाईट नाही. मला बेटा म्हणतात, जेवणाला कधी नावं ठेवत नाहीत. सासूबाई गेल्यापासून तर घरात त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. वाचायचं वेड दांडगं. वाचनालयातून हेरकथा आणि खुनाच्या गोष्टी आणायच्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून फडशा पाडायचा. घरात पुस्तक हातात धरणारे आम्ही दोघंच. माझी पहिली कथा छापून आली तेव्हा मी तो अंक त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी चित्रं बघितली आणि परत केला. "हाई बायकास्नं शे बेटा, तूच वाच," आपल्या अहिराणीत म्हणाले. बोलण्यात तुसडेपणा अजिबात नव्हता. तो असता तर मी भांडून मोकळी झाले असते. तेव्हापासून मला एकच हवं होतं. या माणसाने माझं लिहिलेलं काहीतरी वाचावं आणि माझ्याकडे बघून चांगलं आहे म्हणावं. बाकी कुणाचं मला काही पडलेलं नव्हतं.

पुस्तक निघालं आणि महिन्याभरात वाचनालयातून फिरत फिरत आबांच्या हातात आलं. मी काहीच केलं नव्हतं त्यासाठी. चहा घेऊन गेले तर पुस्तकातून मान वर नाही. चहा गार झाला, त्यावर साय धरली. संध्याकाळी सोबती आले तेव्हा आबा त्यांना सांगत होते, "हाऊ माणूस मिलिटरीमा व्हता. नहीते इतलं कसं मालूम राही? दार कसं उघाडस, पाय कसा ठेवस, बठ्ठं!" मी पडद्यामागे भज्यांची बशी घेऊन उभी. मला एकाच वेळी नाचावंसंही वाटत होतं आणि रडावंसंही.

नवऱ्याला म्हटलं, सांगा ना त्यांना. नवरा म्हणाला, "राहू दे. मजेत आहेत ते. कळलं तर पुस्तक खाली ठेवतील." तो आपल्या बापाला ओळखून होता. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या कौतुकाची चटक लागली होती. स्वयंपाकघरात बसून रोज ऐकायला मिळत होतं.

पण आबा तेवढ्यावर थांबणारे नव्हते. कव्हरवरचं आडनाव आमचंच, म्हणजे लेखक आपला भाऊबंद असणार, हे त्यांनी ठरवून टाकलं. चोपड्याला फोन, अमळनेरला फोन. "आपला भाऊबंदमा लिखनारा कोन शे?" आमच्या नातेवाइकांना कुणी काही विचारलं आणि माहीत नाही असं उत्तर आलं, हे मी अजून पाहिलेलं नाही. अमळनेरच्या चुलत सासऱ्यांना आठवलं, की आपल्यातली एक पाती फार पूर्वी धुळ्याकडे गेली, त्यातला एक नातू फौजेत होता. चोपड्याहून कळलं, की हो हो, लहानपणापासून हुशार होता तो. बघता बघता माझ्या त्या खोट्या माणसाला आजोबा मिळाले, गाव मिळालं, नात्याने तो आबांचा पुतण्या लागला. मग आबांनी प्रकाशकांना फोन लावला. लेखक कुणाला भेटत नाहीत, असं उत्तर मिळालं. आबा एवढे खूश झाले! "मी बोलनू ना, आजून नोकरीमा शे तो. कसा भेटी?"

मी हसले का? नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या माहेरची एवढी चौकशी कुणी केली नव्हती.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. रविवारी नारळाची देवी मांडायची, रोटांचा नैवेद्य, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. रोटांसाठी जे गहू दळायचे, ते आमच्या घरी मोजून घेतात. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. तो गावात असो, सुरतेला असो की कालच जन्मलेला असो, नाव घेऊन मूठ काढायची. दळण, निवडण, पुरण, भाजणं, सगळं बायकांचं. मूठ मात्र त्यांच्या नावाची निघत नाही, ना लेकीच्या, ना वहूच्या, म्हणजे सुनेच्या. याचं मला कधी फार वाईट वाटलं होतं असं नाही, ते आपलं तसंच होतं.

त्या वर्षी भाऊबंद आमच्याकडे जमले होते. आबा पाटावर बसलेले, पुढे गव्हाचा डबा आणि सूप. मी सूप धरून समोर बसले होते. आबा एकेक नाव घेत, गहू सुपात टाकत. माझ्या नवऱ्याचं झालं, चुलत दिरांचं झालं, पोरासोरांचं झालं. मग आबांनी मूठ भरली आणि त्या लेखकाचं नाव घेतलं. सगळ्यांसमोर, छाती फुगवून. चुलत सासरे म्हणाले, "बराबर शे, घरना माणूस शे." गहू सुपात पडले. माझ्याच हातातल्या सुपात.

मला ते सहन झालं नाही. आवाज न चढवता मी म्हणाले, "आबा, ते पुस्तक मी लिहिलंय. असा कुणी माणूस नाही. नाव प्रकाशकांनी ठेवलंय."

"काय सांगी ऱ्हायनी तू?"

मी पुन्हा सांगितलं. आबांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली आणि लगेच खाली घातली. एक जाऊ तोंडाला पदर लावून हसली. मग आबा माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता म्हणतील. इतके महिने जे सोबत्यांना सांगत होते त्यातलं अर्धं वाक्य जरी माझ्या तोंडावर म्हणाले असते, तरी मला पुरलं असतं.

ते रागावले नाहीत. मोजणीत चूक झाल्यावर माणूस जसा बोलतो तसं म्हणाले, "मंग हाई मूठ परत टाकनी पडी. वहूनी मूठ काढतस नही." आणि पुढे वाकून त्यांनी माझ्या सुपातले गहू मुठीत घेतले, बोटांनी अंदाज घेत वरचे थोडे आणखी घेतले आणि डब्यात टाकले. जास्तही घेतले नाहीत, कमीही नाहीत. मग पुढच्या पुतण्याचं नाव घेतलं.

मी सूप घट्ट धरून बसले होते. गप्प राहिले असते तर निदान त्या खोट्या माणसाच्या नावाने माझ्या पुस्तकाचे गहू देवीपुढे गेले असते, हे मला तेव्हाच कळलं आणि आजही ते डोक्यातून जात नाही. नावं संपली. आबा म्हणाले, "ने बेटा, दळी आन." मी उठले आणि दळायला घेऊन गेले.