कुलूपरावांनी कोंडलेलं टपाल

आमच्या समोर कुलूपराव राहतात. त्यांना खरं नावही आहे, पण ते फक्त विजेच्या बिलावर येतं. कोपऱ्यावर त्यांचं कुलपं दुरुस्त करायचं आणि किल्ल्या बनवायचं दुकान. माणूस नाकासमोर चालणारा. नाकासमोर कडी दिसली की मात्र ती ओढून बघितल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. त्यांच्या अंगणातल्या पाण्याच्या झारीलासुद्धा साखळी आहे. आता ती झारी चोरणार कोण? मीच ना? मी नीट पाहून ठेवलीय, बुडाशी गळते.

त्यांच्या धंद्याचे दोन नियम. किल्ली करून दिली की मेणावरचा ठसा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मोडायचा, मागे काही ठेवायचं नाही. आणि दार उघडून दिलं की पाठ फिरवायची, आत बघायचं नाही. सगळ्या गल्लीची दारं उघडलेला माणूस, पण कोणाकडे काय पाहिलंत म्हणून विचारा, तोंडालाही कुलूप. शेजारी म्हणून मला याचा केवढा मनस्ताप होतो, ते माझं मलाच ठाऊक.

मागे काही ठेवायचं नाही, हा नियम घरालाही. दाराला किल्ली एकच आणि ती त्यांच्या कमरेला. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, बाहेरून आल्या आणि कुलूपराव कोणाचं तरी दार उघडायला गेलेले असले, की वहिनी माझ्याकडे. माझी काही तक्रार नव्हती. चहाचा एक कप जास्त लागायचा, पण बातम्या घरपोच मिळायच्या.

वहिनी बाहुल्या दुरुस्त करतात. पोरांनी उपटलेले हात, भावंडांनी भांडणात काढलेले डोळे, सगळं त्यांच्याकडे येतं आणि धड होऊन जातं. तर झालं काय, खेळण्यांच्या एका संग्रहालयानं चिनीमातीच्या जुन्या बाहुल्यांचं अख्खं कुटुंबच दुरुस्तीला काढलं. वहिनींनी आपल्या कामाचे फोटो पाठवले. "मेलवर कळवू," असं उत्तर आलं. तेव्हापासून त्यांचा जीव फोनमध्ये.

"आयुष्यभर प्लॅस्टिकच्या माना बसवल्या हो," मला म्हणाल्या, "एकदा तरी खरी बाहुली हातात यावी."

नेमकं याच वेळी कुलूपरावांना सुचलं. दुकानाची मेलपेटी नवराबायकोत मिळून एक, कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर भाड्यानं घेतलेली. वहिनी ती फोनवर बघायच्या. आपलं टपाल परक्याच्या घरी राहतं, हे कुलूपरावांना आजवर माहीतच नव्हतं. कळलं तशी त्यांची झोप उडाली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्रॅम बसवायचा आणि टपाल घरी आणायचं, असं ठरलं. मी तेव्हा कपाटाची किल्ली करून घ्यायला गेले होते. किल्ली हरवली नव्हती, पण रिकाम्या हातानं कसं जायचं?

कंपनीच्या मदतकेंद्रातली बाई फोनच्या स्पीकरवर होती.

"मॅडम, तुमच्या सर्व्हरच्या खोलीला कुलूप आहे?"

"आहे ना, सर."

"कोणत्या बनावटीचं?"

मग तिनं समजुतीनं सर्व्हरचं नाव सांगितलं, पासवर्ड घालायला लावला, पोर्टचा आकडा दिला. "पोर्ट म्हणजे?" "दार समजा, सर. कुठल्या दारानं आत यायचं तो आकडा." दार म्हटल्यावर गडी खुलला. जोडणी सुरक्षित हवी का, याला तर त्यांनी असा होकार भरला की शेजारच्या न्हाव्यानं वस्तरा थांबवला.

"आता मेल उतरवून घेतल्यावर सर्व्हरवर प्रत ठेवायची ना, सर?"

"प्रत?"

"बहुतेक जण ठेवतात."

"बहुतेक जण किल्ली पायपुसण्याखाली ठेवतात, मॅडम. आणि मग मला बोलावतात." त्यांनी 'प्रत ठेवा'समोरची बरोबरची खूण काढून टाकली, पायातला काटा काढावा तशी.

"बरं, जाणाऱ्या मेललाही पासवर्ड लावायचा आहे, सर."

"कुलूप येणाऱ्यासाठी असतं. घरातून निघालेल्याला कोण किल्ली विचारतं? राहू द्या. धन्यवाद!" फोन बंद.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि कुलूपरावांना मध्येच टोकलं की किल्ली महाग पडते.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी वहिनी नेहमीसारख्या माझ्या दारात. दोरा-डिंक आणायला गेल्या होत्या, घराला कुलूप. चहाला हातही लावेनात. फोन टेबलावर टाकून म्हणाल्या, "संपलं. काही आलं नाही. कामच आवडलं नसणार त्यांना. पण नाही म्हणून तरी कळवावं माणसानं!"

"बघू," म्हणून मी फोन उचलला. दुसऱ्याचा फोन बघणं माझ्या तत्त्वात बसतं. पेटी रिकामी. नुसती रिकामी नाही, झाडून पुसून रिकामी.

"वहिनी, जाहिरातीसुद्धा येत नाहीत तुम्हाला? गुडघेदुखीच्या, टकलावर केस उगवायच्या?"

"नाही. बरेच दिवस झाले."

"अहो, टकलाच्या जाहिरातीतून आजवर कोणी सुटलंय का? तुमचं टपाल कोणीतरी पळवलंय!"

आणि मला ती काढून टाकलेली खूण आठवली. आम्ही दोघी धावत सुटलो. धावताना मी दार ओढून घेतलं. किल्ली आत, वहिनींचा फोन आत.

कुलूपराव नुकतेच दुकानात परतले होते. "टपाल? हे काय!" त्यांनी अभिमानानं पडदा दाखवला. "एकूण एक पत्र इथं. बाहेर कपटासुद्धा ठेवला नाही." टक्कल, गुडघे, सगळी मंडळी हजर, आणि त्यांच्यात संग्रहालयाचा मेल, न उघडलेला.

"अहो, हा वाचला नाहीत?"

"तुझ्या नावानं होता. मी दार उघडतो, आत बघत नाही."

वहिनींनी उघडला. काम मिळालं होतं! फक्त आज कार्यालय बंद व्हायच्या आत होकार कळवायचा, नाहीतर बाहुल्या दुसऱ्याकडे जाणार. वहिनींनी तिथंच बसून होकार लिहिला आणि पाठवला. मेल परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. सर्व्हर म्हणे, तुम्ही कोण?

"माझा फोन कुठाय?"

"माझ्या घरात," मी म्हणाले. "आणि भाऊजी, माझं घर बंद झालंय."

हयातीत पहिल्यांदा बंद दार ऐकूनही कुलूपराव जागचे हलले नाहीत. त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला.

"सर, जाणाऱ्यालाही ओळख द्यावी लागते," बाई म्हणाली. "नाहीतर तुमच्या नावानं कोणीही पत्रं पाठवेल."

"म्हणजे माझी किल्ली वापरून दुसराच?" कुलूपराव पांढरे पडले. पासवर्ड लागला. होकार गेला, परत आला नाही. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"सर, मेल सर्व्हरवरच ठेवायची सोय करून देऊ का? मग दुकानात आणि मॅडमच्या फोनवर, दोन्हीकडे दिसतील."

"दोन्हीकडे? छे! एकदा प्रत मागे राहिली की..."

"अहो," वहिनी हळूच म्हणाल्या, "माझ्याच घराच्या बाहेर उभं राहायची मला सवय आहे. आता माझ्या पत्रांच्या बाहेरही उभी राहू?"

कुलूपरावांनी कमरेची किल्ली चाचपली. मग फोनमध्ये म्हणाले, "मॅडम, दोघांना दिसेल असं करा. आणि आणलेलं टपाल परत कसं नेऊन ठेवायचं, तेही सांगा." टक्कलवाल्यांसकट सगळी पत्रं पुन्हा सर्व्हरवर चढली.

मग त्यांनी माझं दार उघडलं आणि पाठ फिरवली. आतला पसारा बघता, त्यांच्या नियमाबद्दल मी पहिल्यांदाच देवाचे आभार मानले. टेबलावरच्या फोननं टुण्ण केलं. संग्रहालयाचं उत्तर: बाहुल्या सोमवारी पाठवतो.

सोमवारी बाहुल्यांचा पेटारा आला. त्याच दिवशी कुलूपरावांनी स्वतःच्या दाराची किल्ली यंत्राला लावली आणि तशीच दुसरी कापून काढली. वहिनींच्या हातात ठेवून म्हणाले, "कामाची माणसं घरी आलीत. तू बाहेर उभी राहून कसं चालेल?" बाहुल्यांना ते कामाची माणसं म्हणाले, तरी वहिनी हसल्या नाहीत. किल्ली पदराला बांधली.

नुकसान झालं ते माझं. वहिनी आता बाहेरून येतात त्या थेट आपल्या घरात. चहाचा एक कप वाचतो, पण बातम्यांसाठी मलाच रस्ता ओलांडावा लागतो. परवा गेले तर झारीची साखळी काढलेली दिसली. म्हटलं, कुलूपराव सुधारले. जवळ जाऊन पाहिलं, तर साखळी पेटाऱ्याला लावली होती.