फाटकाशी विचारलेलं सरनेम

बँकेत सरनेम विचारलं तर मी सांगून मोकळी होते. दवाखान्यात, गॅसच्या नोंदणीला, मिहानमधल्या माझ्या ऑफिसच्या गेटवर, कुठंही. तिथं तो फॉर्मवरचा एक रकाना असतो, बस. पण भाड्याचं घर पाहायला जावं आणि मालकानं फाटकाची कडी हातात धरूनच विचारावं, "सरनेम काय म्हटलं?" की माझ्या मनात पाल चुकचुकते. फाटकाशी त्या शब्दाचा अर्थ एकच, जात कोणती. उगाच संशय घेते असं म्हणणाऱ्यांनी नागपुरात माझ्यासोबत चार घरं पाहायला यावं.

बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झाले आणि कॉलनीतलं क्वार्टर महिनाअखेर सोडायचं होतं. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, म्हणून तळमजलाच हवा. तीन घरं हातची गेली. एक 'कालच दिलं', एकाच्या मुलाचं अचानक लग्न ठरलं, तिसऱ्यानं नंतर फोनच उचलला नाही. तिन्ही ठिकाणी बाबांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं होतं, "आम्ही बौद्ध." आजोबांनी इथंच, नागपुरात दीक्षा घेतलेली. ते सांगताना बाबांची मान अजून ताठ होते.

मी चिडले. "बाबा, विचारल्याशिवाय सांगता काहून?"

"मंग लपवू काहून?"

"लपवा कोण म्हणते? विचारल्यावर बोला नं."

दुधानं तोंड पोळलं होतं, मी ताक फुंकून पीत होते.

चौथं घर पाहायला मी आणि बाबा गेलो, ते लकडगंजच्या मागच्या गल्लीत होतं. तळमजला, पायरी एकच, संडासही कमोडचा. आईसाठीच बांधल्यासारखं. मालकीणबाई साठीच्या, बोलक्या. नळ किती वाजता येतो ते सांगता सांगता त्यांनी विचारलंच, "सरनेम काय म्हटलं तुमचं?"

मी सांगितलं. आमचं आडनाव इकडे तीन-चार जातींत सापडतं. बाईंचा चेहरा खुलला. "अवं, मग आपलेच म्हणा नं! माह्या माहेरी हेच आडनाव. गाव कोणतं तुमचं, काकाजी?"

हेही मला ठाऊक होतं. आडनावानं भागलं नाही की लोक गावावर येतात. बाई खरंच खूश झाल्या होत्या की खुंटा हलवून बळकट करत होत्या, कोण जाणे. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

बाबांनी तोंड उघडलं आणि मी त्यांचा हात दाबला. घट्ट. एकदा किल्ली हातात येऊ द्या, आईला आत बसू द्या, मग कळायचं ते कळेल. खोटं बोलायचं नव्हतं, नुसती अळीमिळी गुपचिळी.

बाबांनी हात सोडवून घेतला. गाव सांगितलं आणि पुढे म्हणाले, "आम्ही बौद्ध आहो, बाई. तुमच्या माहेरचे ते वेगळे असतील."

बाई हसतच राहिल्या, पण नळाचं अर्धं राहिलेलं बोलणं त्यांनी पुरं केलं नाही. "पोराले विचारून सांगते," म्हणाल्या. फाटकापर्यंत सोडायला आल्या, आईच्या गुडघ्यांची चौकशीही केली. बाई वाईट नव्हत्या, याचाच मला जास्त राग आला.

स्कूटर सुरू करून मी बाबांवर सगळं तोंडसुख घेतलं. आता आईला कुठं ठेवायचं? आठ दिवस उरलेत. दोन मिनिटं गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? ते मागे बसून ऐकत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा बोलले, इतक्या हळू की मला हेल्मेटची काच वर करावी लागली.

"त्या बाईनं विचारलं, त्याचं मले काही नाही वाटलं. लोकं विचारतेत, जन्मभर विचारत आले. पण तू हात दाबला नं वं, तवा मले वाटलं, तुले माही लाज वाटून राहिली."

"नाही हो बाबा," मी म्हणाले. पण म्हणाले ते सिग्नल सुटून चौकाच्या पार पलीकडे गेल्यावर.