सॉर्टरच्या पोटातला नवा कंप्युटर

आमच्या धंद्यात रिपेअरिंग संपलं की टूलबॅगेत दोन-चार स्क्रू हमखास उरतात. ते कुठले, हे कुणाला आठवत नाही आणि फेकवतही नाहीत. किश्श्यांचंही तेच. मी भंडारा जिल्ह्यातल्या राईस मिलांची वायरिंग करतो, त्यामुळे पोतंभर साठलेत. पण मित्र जमले की एकाच मशीनचे मागतात. दिघोरीकडच्या एका मिलमधल्या सॉर्टरचे!

सॉर्टर म्हणजे तांदूळ निवडायची मशीन. वरून तांदूळ धो धो पडतो, कॅमेरा एकेक दाणा बघतो आणि डागी दाणा दिसला रे दिसला की मशीन हवेची फुंकर मारून त्याला बाजूला उडवते. शेजारच्या दाण्याला धक्काही लागत नाही! मी कितीदा तरी पाहिलंय, तरी अजूनही बघत उभा राहतो. माझे वस्ताद, कारध्याचे नामदेवकाका, पहिल्यांदा बघून म्हणाले होते, "बाप्पा! एवढी नजर तं माह्या सासूलेबी नव्हती!"

*

तर ऐन धानाच्या सीझनमध्ये या मशीनच्या आतला कंप्युटर मेला. कंपनी म्हणाली, मॉडेल बंद झालं, नवीन मशीन घ्या. मशीन विकणारी एजन्सी त्यासोबत स्वतःचा ऑपरेटर देणार होती.

आणि जुन्या मशीनवर ऑपरेटर होत्या शेवंताबाई. पूर्वी त्या याच मिलमध्ये सूप घेऊन तांदूळ निवडायच्या. मशीन आली तशा बाकीच्या बाया घरी गेल्या, पण शेवंताबाई हट्टाने बटणं शिकल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, हे मशीन गेलं तं मले कोन ठेवते? कसंबी करा, पन याले उठवा."

बाईंचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

भंडाऱ्याहून पल्लवी म्याडमना बोलावलं. त्यांचं कंप्युटरचं दुकान आहे. त्यांनी मशीनचं झाकण उघडलं आणि हसायलाच लागल्या. "अरे, यात साधा कंप्युटर आहे! याची डिस्क चांगली आहे. दुकानातला कंप्युटरचा डबा आणून त्यात ती टाकते. फक्त याला घरच्यासारखी लाईट पाहिजे, ती तुम्ही काढून द्या."

मिलचे मालक शेठ म्हणाले, "सोमवारी एजन्सीवाले हे मशीन उचलायले येऊन राहिले. तवापर्यंत चाललं तं ठेवतो. नाही तं जाऊ द्या."

*

शेठचा स्वभाव घाईचा. मशीनच्या पॅनलमध्ये दोन मोकळ्या वायरी लोंबत होत्या. शेठ म्हणाले, "हे काय दोन वायर! जोडा न कंप्युटरले. कायले टाइम लावता?"

माझ्यासोबत आलेल्या काकांनी आधी मीटर लावला. काटा चारशे व्होल्टच्या वर, घरच्या लाईटच्या जवळपास दुप्पट!

"शेठ, हे दोन्ही फेज होत. जोडले असते तं कंप्युटर गेला असता, आन तुमची मिशीबी!"

शेठनी मिशीवर हात ठेवला आणि पाऊलभर मागे सरकले. दोन वायरी अगदी सारख्या दिसतात, गरीब गाईसारख्या पडलेल्या असतात, आणि आत केवढी ताकद! मला आजही तिची भीती वाटते, आणि कौतुकही.

*

काकांचा एक नियम आहे. ज्याचा हात पॅनलमध्ये, मेन फ्यूज त्याच्याच खिशात. शेवटी आम्ही फेज, न्यूट्रल आणि अर्थ नीट शोधून वेगळी लाईन ओढली, छोटा ब्रेकर लावला. मग काका चहाला म्हणून चौकात गेले आणि तिथे त्यांना व्याही भेटले.

इकडे अख्खी मिल बंद! हमाल पोत्यांवर आडवे झाले, शेठ लाईनमनला फोन लावत बसले. बऱ्याच वेळाने काका आले आणि शांतपणे खिशातून फ्यूज काढले.

"काका, काहून घेऊन गेले?"

"माहा जीव आहे तो शेठ. तुमच्या टेबलावर ठेवून जाऊ का?"

*

कंप्युटर चालू झाला! पण पडद्यावर नुसते काळे पट्टे. मशीनला सगळाच तांदूळ काळा दिसायला लागला आणि तिने चांगला मालही बाहेर फेकायचा सपाटा लावला. शेवंताबाई खाली बसून फेकलेला चांगला तांदूळ गोळा करायला लागल्या.

काकांनी मीटर लावून पाहिलं. "अर्थची वायर आहे, पन अर्थिंगच लागत नाही." मिलच्या मागे अर्थिंगचा खड्डा होता. बघतो तर भेगा पडलेल्या, कोरडा ठणठणीत. ओल नसेल तर अर्थिंग कुठून लागणार? आम्ही त्यात मीठ आणि कोळसा टाकला. बाई उठल्या, हंड्यांनी पाणी ओतायला लागल्या. आतून पल्लवी म्याडम ओरडल्या, "पट्टे कमी होतायत! अजून टाका!"

मागे बाई माती भिजवत होत्या आणि आत मशीनची नजर साफ होत होती.

"मशीनलेबी तहान लागते का जी?" बाईंनी विचारलं.

काका म्हणाले, "मंग! तिचाबी पाय जमिनीलेच टेकला आहे."

*

सोमवारी सकाळी एजन्सीची गाडी गेटवर उभी. नवीन ऑपरेटरही सोबत आलेला. शेठ म्हणाले, "चालवा."

शेवंताबाईंनी मशीनला हळदकुंकू लावलं आणि डोळे मिटून कुंकवाच्या अक्षता टाकल्या. मूठभर! त्या सगळ्या वरच्या तांदळात पडल्या.

पल्लवी म्याडमनी कपाळावर हात मारला. "बाई, आत नाही! चांगल्या मालात लाल दाणे गेले!"

पण बाईंनी बटण दाबलं होतं. कंप्रेसर सुरू झाला, तांदूळ कोसळायला लागला. खालून निघालेल्या तांदळात शेठनी हात घातला. पांढरा. दुसरी मूठ काढली, तिसरी काढली. एजन्सीच्या माणसाने सूप मागवून पसरून बघितलं. लाल दाणा एकही नाही!

मग काकांनी रद्दी मालाचा डबा ओढला. काळ्या, डागी दाण्यांत कुंकवाच्या अक्षता लालभडक दिसत होत्या. शेठनी नकळत चपला काढल्या.

शेवंताबाईंनी वाकून त्या अक्षता वेचल्या. मूठ घेऊन सरळ एजन्सीच्या माणसाकडे गेल्या आणि त्याच्या डोक्यावर टाकून म्हणाल्या,

"या मंग आता, भाऊ. सावकाश जा!"