गाठीतला वरचा टॉवेल

साठपैकी वीस गाठी काट्यावर चढल्या आणि वीसच्या वीस जास्त भरल्या. प्रत्येक गाठ सारखीच जास्त, पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास. मोजणीत चूक झाली असती तर एखादी कमी, एखादी जास्त भरली असती. हे कुणीतरी ठरवून केलं होतं.

पावणेचारशे ग्रॅम म्हणजे आमचा एक टॉवेल.

पॅकिंगचे मुकादम बशीरचाचा शेजारीच उभे होते. मी विचारलं, "चाचा, एका गाठीत नग किती घातले?"

"दोनसौ, बाई. और एक उप्पर का."

"वरचा कशाला?"

"अन्ना का रिवाज है ना! हमेशा डालते की."

मी काटा थांबवायला सांगितलं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यातली. मी तिथं टायपिस्ट होते. मालक राजेशमअण्णा. वडिलांनी दोन मागांवर सुरू केलेला कारखाना त्यांनी चाळीस मागांवर नेला होता. पण त्या वर्षी बाजार पडलेला. निम्मे माग बंद. अशात हँबुर्गच्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर आली. आमची पहिली परदेशी ऑर्डर! ती नीट पोचली तर पुढची मिळणार होती आणि बंद माग सुरू होणार होते. बिघडली तर उरलेले वीसही थांबणार, हे फाटकावरच्या वॉचमनलाही ठाऊक होतं.

परदेशी करारांचं ट्रेनिंग घ्यायला अण्णांचा पुतण्या मुंबईला जायचा होता. त्याला नेमकी कावीळ झाली. अण्णा म्हणाले, "शैलाबाई, तू जा. इंग्रजी तुलाच येतंय." गेले. तीन आठवडे परळला मावशीकडं राहिले. वर्गात तीस पुरुष आणि मी एकटी. परत आले तर ऑफिसात, "आल्या, बॅरिस्टरबाई आल्या!" असं स्वागत. मी मात्र ट्रेनिंगच्या वहीत लिहिलेलं सगळं रोज वाचत राहिले.

त्या वहीतलं पहिलं पान एल.सी.चं होतं. एल.सी. म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेचं लेखी वचन. ठरलेला माल ठरलेल्या तारखेच्या आत जहाजावर चढला, असे कागद दाखवा आणि पैसे घ्या. बँक टॉवेल उलगडून बघत नाही, कागद बघते. आमचे सर, कस्टममधून रिटायर झालेले गृहस्थ, रोज एकदा तरी बजावायचे, "कागदात नाही ते मालात नको. मालात नाही ते कागदात नको."

आमच्या कागदात गाठीमागं दोनशे नग होते. करारात कलम होतं, नगांत फरक निघाला तर सगळा माल नाकारायचा हक्क गिऱ्हाइकाला. तिकडच्या कस्टमनं एक गाठ फोडली आणि दोनशे एक मोजले, की आम्ही माल लपवून पाठवणारे ठरलो. आणि पॅकिंग लिस्टवर, म्हणजे कुठल्या गाठीत काय आहे त्या यादीवर, सही माझी.

तशीच अण्णांच्या केबिनमध्ये गेले.

"अण्णा, साठही गाठी फोडाव्या लागतील. वरचा टॉवेल काढायचा."

अण्णांनी चष्मा काढला. "काय म्हणलीस?"

मी पुन्हा सांगितलं.

"माझ्या बापानं पहिल्या गाठीपासून वरचा नग घातला. नातेपुत्याच्या दुकानदाराला घातला, हुबळीच्या घातला. आजपर्यंत एकानं तक्रार केली न्हाई. आणि जर्मनवाला जास्त दिलं म्हणून रागावणार व्हय?"

"तो नाही रागावणार. त्याचं कस्टम रागावेल."

"गाठी फोडायच्या न्हाईत. तू सही कर."

"नाही करणार."

माझाच आवाज मला अनोळखी वाटला. राग लई आला होता. तीन आठवडे मला पाठवलं ते काय राणीचा बाग बघायला?

"सही करायची नसंल तर उद्यापासून टाइपरायटरलाबी हात लावू नको," अण्णा म्हणाले.

बाहेर आले. जहाजाला आठ दिवस होते. ट्रक पाचव्या दिवशी निघायलाच हवा होता. बशीरचाचांनी न मागता चहा पुढं केला. मी वैतागून विचारलं, "चाचा, या रिवाजाला काही अर्थ आहे का हो?"

"है ना! प्रेस में गाठ दबाके लोहे की पट्टी कसते ना, किनारे का टावेल कटता, दाग लगता. बड़े अन्ना बोलते थे, गिऱ्हाइक के हात में दोनसौ अच्छे जाना. इस वास्ते एक उप्पर."

चहा तसाच ठेवून मी उठले. अगं बाई! हा रिवाज नव्हताच. खराब नगाच्या बदली चांगला नग देण्याची ही हमी होती, फक्त ती कुणी कधी लिहिली नव्हती. लिहिलं नाही म्हणून चोरी. लिहिलं की कलम!

पुन्हा केबिनमध्ये. "अण्णा, गाठी फोडू नका. फक्त हँबुर्गला एक तार करू द्या."

"काय लिहिणार?"

"प्रत्येक गाठीत एक टॉवेल जास्त, फुकट, खराब नगाच्या बदली. तशी एल.सी. दुरुस्त करा."

अण्णा म्हणाले, "बापाचा रिवाज राहतो न्हवं?"

"राहतो."

"मग कर."

तार गेली. पहिला दिवस, दुसरा दिवस, काही नाही. तिसऱ्या दिवशी कुणी माझ्याशी बोलेना. मी पॅकिंग लिस्ट नव्यानं टाइप करून ठेवली: एकूण दोनशे एक, त्यातला एक विनामूल्य. कार्बन लावून सहा प्रती. उत्तर आलं नाही तर सगळ्या रद्दीत, आणि बहुतेक मीही.

चौथ्या दिवशी दुपारी मुंबईच्या बँकेचा ट्रंक कॉल आला. गिऱ्हाइकाला मान्य. एल.सी. दुरुस्त झाली. मी टेबलावर हात आपटून "झालं!" म्हणून ओरडले, तशा वायंडिंग खात्यात सूत गुंडाळणाऱ्या बायका धावत आल्या. साही प्रतींवर सही ठोकली. ट्रक पाचव्या दिवशी टेंभुर्णीच्या पुढं गेलासुद्धा.

अडीच महिन्यांनी हँबुर्गहून पत्र आलं. कस्टमनं दोन गाठी फोडल्या होत्या. नग मोजले, कागद बघितला, शिक्का मारला. पट्टीनं कापलेले काही टॉवेल निघाले, पण गाठीगाठीत बदली नग होता, त्यामुळं भरपाईचा प्रश्नच उरला नाही. सोबत दुप्पट ऑर्डर. आणि नव्या करारात त्यांनी आपणहून टाइप केलेलं नववं कलम: प्रत्येक गाठीत एक टॉवेल वर.

अण्णांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग बशीरचाचांना हाक मारली आणि चौथ्यांदा वाचायला लावलं.

"चाचा, ऐकलं का? माझ्या बापाची गोष्ट जर्मन लोकांनी लिहून घेतली!" डोळे पुसायला त्यांनी सँपलचाच टॉवेल उचलला. महिन्याभरात चाळीसही माग सुरू झाले. त्या खडखडाटात टाइपरायटरचा आवाजही ऐकू येईना, आणि त्याचं मला जराही दुःख झालं नाही.

पुढं पंचवीस वर्षं मी परदेशी करार बघितले. शिकलेलं एवढंच. रिवाज मोडायचा नसतो, कलम म्हणून लिहून घ्यायचा असतो. तेव्हापासून पॅकिंग लिस्टवर सही करायला अण्णा खिशातलं स्वतःचं पेन काढून मला द्यायचे. सही झाली की लगेच परत मागून घ्यायचे.