बानाबाईच्या माहेरून आलेलं खत

उस्मानपुऱ्यातल्या ज्या बंगल्यात मी एकोणीस वर्षं पोळ्या लाटते, त्याच बंगल्यात बानाबाई माळीकाम करायची. बाईमाणूस माळी बघून येणारेजाणारे हसायचे. ती म्हणायची, "आधी मेंढरं वळली, आता झाडं वळते. झाडं बरी. पळत तरी नायत."

सोयगावाकडच्या धनगराची लेक. नवरा गेल्यावर शहरात आली. आमच्या मालकीण वच्छलाबाई, त्यांनी तिला धुण्याभांड्याला ठेवली होती. एक दिवस बाई अंगणातल्या गुलाबापाशी हळहळत उभ्या. पानं फिकट पडलेली, वर बारीक बारीक ठिपके. बानाबाईनं भांडी तशीच ठेवली, ओल्या हातानं पान उलटं केलं आणि माझ्या हातातली जुनी लग्नपत्रिका ओढून घेतली. पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पान टकटक झाडलं. कागदावर तांबडे कण पडले, आणि बघता बघता चालायला लागले.

"वरून बघून काय कळतंय? मेंढराला गोचीड बी काखंतच धरतं," ती म्हणाली.

नाव तिला ठाऊक नव्हतं. लाल कोळी म्हणतात हे नर्सरीवाल्यानं सांगितलं. पण त्या दिवसापासून भांडी दुसरीकडं गेली आणि बाग बानाबाईकडं आली.

बारा वर्षं तिनं ते बावीस गुलाब सांभाळले. कोवळ्या शेंड्यावर मुंग्या चढताना दिसल्या की म्हणायची, "वर मावा बसलाय, ह्या त्याचं गोड चाटायला चालल्यात." मग पाण्याची धार मारून मावा पाडायची, उरलेला अंगठ्यानं पुसून काढायची. कळीच्या कडा करपल्या तर ती फुलकिड्यांची करणी; तसली कळी खुडून थेट चुलीत. दांडीवर खवल्यासारखी कीड चिकटली की जुना दातांचा ब्रश आणि साबणाचं पाणी. बाकी सगळ्याला निंबोळ्या रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी, त्याचा वास माझ्या पोळ्यांना लागायचा. ठिपक्याच्या लाल भुंग्याला मात्र हात लावू द्यायची नाय. "ह्यो मावा खातो. बिनपगारी हाय, राहू द्या."

वच्छलाबाई शेवटच्या दुखण्यात होत्या तेव्हा त्यांनी लेकाला, शिवराजला, खाटेजवळ बोलावलं. मी पेज घेऊन उभी होते. त्या म्हणाल्या, "माझे गुलाब जगतील तोवर अंगणाला हात लावायचा नाही. आणि बानाला काढायचं नाही." शिवराजनं मान हलवली. त्याला दुसऱ्या गाडीला जागा पाहिजे होती, हे बाईंनाही माहीत होतं, मलाही, आणि बानाबाईला तर सगळ्यात आधी.

म्हणजे गुलाब होते तोवर बानाबाई होती. ती दर पानामागं बघायची ते उगाच नाय.

गेल्या वैशाखात तिचा भाऊ मल्हारी टेम्पोतून सहा पोती लेंडी घेऊन आला. स्वतःच्या कळपाची, ताजी. बानाबाईचं तोंड असं फुललं होतं, जणू माहेरचं लुगडंच आलं. धनगराच्या लेकीला लेंडीसारखं खत जगात दुसरं नाय. कळप रानात बसवावा म्हणून शेतकरी मल्हारीच्या पाया पडायचा, हे ती मला शंभरदा सांगायची.

माझ्यासमोरच तिनं रीतसर विचारलं. सूनबाई मंजुषा झोक्यावर मोबाईल बघत बसली होती.

"वैनी, लेंडी टाकू का गुलाबांना?"

"टाका हो, तुम्हाला कळतं." मान वर नाय केली.

मी पोत्याचं तोंड धरलं आणि बानाबाईनं ओंजळीनं लेंडी आळ्यात पसरली. बावीसच्या बावीस.

पुढं आषाढ लागायच्या सुमारास दिवेलागणीला बंगल्यामागच्या कडुलिंबावर तपकिरी भुंगे घोंगावायला लागले. सकाळी ओसरीवरून मी ते सुपलीभर झाडून काढायचे. बानाबाई म्हणाली, "लिंब खात्यात, खाऊ द्या. गुलाबाला शिवत नायत." तिथंच ती चुकली. भुंगे पाला लिंबाचा खात होते, पण अंडी घालायला उतरत होते तिच्या मऊ, ताज्या लेंडीत.

नवरात्राच्या आधी पहिलं झाड मान टाकून उभं राहिलं. मग दुसरं. मग पाच. बानाबाईनं पानं उलटी केली, कागदावर झाडली, दांड्या तपासल्या, कळ्या फोडल्या. मावा नाय, कोळी नाय, फुलकिडे नाय. निंबोळीचं पाणी दोनदा मारलं. पाणी वाढवलं, मग कमी केलं. जेवण सुटलं तिचं. मी भाकर पुढं केली तर म्हणाली, "आक्का, वर कायबी नाय हो. वर सगळं साफ हाय."

घटस्थापनेच्या दिवशी एक झाड धरून ओढलं, तर मुळा-गाजर उपटावं तसं अलगद हातात आलं. खाली मूळच नव्हतं. आळ्यातली माती तिनं हातानं उकरली. बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या, तोंड तांबडं. हुमणी, त्याच भुंग्यांची, मुळं खाणारी.

ती मातीतच बसून राहिली. म्हणाली, "रानात मेंढरं बसली की मागनं नांगर फिरतो. ऊन लागतं, बगळे येऊन अळ्या येचून खात्यात. हितं कोण नांगर फिरवणार? म्या कच्चंच टाकलं आक्का. कुजवायला पायजे होतं."

"गप बस," मी म्हणाले. "रोग पडला म्हणून सांग. कोणाला काय कळतंय?"

नाय ऐकली. शिवराज आला तशी अळी तळहातावर घेऊन समोर गेली. "दादा, माझ्या खतातनं आली. नऊ झाडं हाताला लागतील अजून. महिनाभर द्या."

शिवराज अळीकडं बघेचना, अंगणाकडं बघत होता. "कोणाला विचारून टाकलंत?"

"वैनींना विचारलं व्हतं."

"मला कोणी काही विचारलं नाही," मंजुषा आतून म्हणाली.

शिवराज माझ्याकडं वळला. "मावशी, तुम्ही होतात ना तेव्हा? विचारलं होतं का हिनं?"

माझ्या हाताला अजून त्या पोत्याची सुतळी रुततेय असं वाटलं. मी म्हणाले, "मला काय माहीत दादा. माझं ध्यान तव्याकडं."

बानाबाईनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "व्हय दादा. आक्का पोळ्या लाटत होत्या. त्यांना कसं माहीत असंल?"

दसऱ्यानंतर फरशीवाले येणार असं ठरलं. झाडं काढायची, बानाबाईलाही. तरी ती दसऱ्यापर्यंत रोज आली. आळी उकरून अळ्या वेचायची आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायची. मी म्हटलं, "अगं, झाडंच जाणार, आता कशाला?"

"शेजारच्यांच्या कुंपणाला बी गुलाब हायेत," ती म्हणाली.

महाशिवरात्रीला मी वेरूळला गेले. देवळाच्या वाटेवर बानाबाई बेल-फुलं घेऊन बसलेली. गुलाब बाजारातले, विकत आणलेले. मी समोर उभी राहिले तर फडक्यावर जागा करून बसवलं.

"गाडी बसली का अंगणात?"

"बसली. एका बाजूनं घासते जरा."

हसली. त्या दिवशीच्या खोट्याचं बोलायला गेले, आणि पूजेचं ताटच सारखं करत बसले. तेवढ्यात तिनं टोपलीतला एक गुलाब उचलला, सवयीनं उलटा केला, वर्तमानपत्रावर दोनदा झाडला, वाकून निरखला आणि माझ्या ताटात ठेवला.

"घ्या आक्का. साफ हाय."

मी घेतला. देवाला वाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोळ्यांना गेले.