आषाढातली किल्ली

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी हेब्बाळला एका टॉवरच्या बेसमेंटमध्ये उभी राहून गळणारं छत बघत होते. शेजारी पंप घरघरत होता. तरी पहिलं वाक्य नीट ऐकू आलं.

"मॅडम, तुमचं घर तयार आहे ना? मग किल्ली द्या. एक बाई दारात बसली आहे."

घर म्हणजे प्रसूतिनिवास. मी आर्किटेक्ट आहे, ऑफिस जे. पी. नगरला. बेंगळुरूतल्या आमच्या मराठी मंडळाने वर्गणी काढून एका डोंगराळ तालुक्यात, सरकारी रुग्णालयाच्या शेजारी, चार खोल्यांची ही इमारत बांधली. लांबच्या वाड्यांतल्या बायकांनी दिवस भरत आले की इथे येऊन राहायचं. सोबत आई किंवा सासू, मागे स्वयंपाकाला जागा. कळा सुरू झाल्या की अंगण ओलांडायचं, की रुग्णालय. नकाशा मी फुकट काढून दिला होता, हे सांगायची गरज नाही, पण सांगते.

वर्गणीमागे अण्णा होते. चामराजपेटेत त्यांचं कापडाचं दुकान, मंडळाचे अध्यक्ष, वय झालेलं. नातीच्या लग्नात त्यांनी 'आहेर नको, प्रसूतिनिवासाला द्या' असा बोर्ड लावला आणि व्याह्यांचा रुसवा ओढवून घेतला. दारोदार फिरले. त्यांच्याशिवाय तिथे एक वीटसुद्धा लागली नसती.

काम संपलं होतं. नळाला पाणी आलं होतं, संडास चालू होते. पण आमच्या धंद्यात काम संपणं वेगळं आणि हँडओव्हर वेगळा. हँडओव्हर म्हणजे मालकाने इमारत ताब्यात घेणं. तोवर ती नुसती 'साइट'. किल्ली कॉन्ट्रॅक्टरकडे असते, पण मालकाला न विचारता कुणाला आत ठेवता येत नाही. इथे मालक मंडळ. आणि मंडळाने घरभरणी श्रावणात ठरवली होती, कारण आषाढ लागला होता. आषाढात आमच्याकडे नवं दुकान उघडत नाहीत, नवी सून सासरी ठेवत नाहीत. नव्या घरात तर कुणी जातच नाही.

दारातल्या बाईचं नाव गौरम्मा. पहिलटकरीण, सोबत नवरा. डॉक्टर म्हणाले, "हिची वार, म्हणजे प्लासेंटा, खाली आहे. पिशवीच्या तोंडावरच बसली आहे. रक्तस्राव कधीही सुरू होईल. आज काही होत नाही म्हणून वॉर्डात घेता येत नाही, एकेका खाटेवर दोघी आहेत. हिच्या वाडीला जाताना ओढा लागतो. पाऊस आहे. इथे राहिली तर मी सांभाळीन."

मी बेसमेंटमधूनच अण्णांना फोन लावला.

"शारदा, आषाढात घर उघडायचं?"

"घर नका उघडू अण्णा. एक खोली उघडा."

"आणि पहिलं पाऊल अवघडलेल्या बाईचं? उद्या तिचं काही वाईट झालं तर त्या घरात पुन्हा एक बाई येणार नाही. तुला शहरात बसून कळायचं नाही ते. स्वल्प, जरा विचार कर."

मला राग आला. पण लोकांबद्दल ते बोलत होते ते खोटं नव्हतं. लगेच म्हणाले, "तिला बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये ठेव. खर्च माझा." मी डॉक्टरांना तसं कळवलं. लॉजच्या मॅनेजरने गौरम्माच्या पोटाकडे पाहिलं आणि खोल्या भरल्या आहेत म्हणून सांगितलं.

संध्याकाळी मी चामराजपेटेत दुकानावर जाऊन बसले. अण्णा गादीवर एकटेच होते, उलगडलेलं कापड पुन्हा घडी घालत.

"अण्णा, साइटवर वॉचमन कुठे झोपतो?"

"कुठे?"

"पहिल्या खोलीत. बायकोसकट. आषाढ लागल्यापासून. तिने तिथे स्टोव्ह पेटवलाय. घरभरणीला आपण दूध उतू जाऊ देतो, तिचं रोज जात असेल."

त्यांचे हात थांबले.

"हँडओव्हर झालेला नाही," मी म्हटलं. "म्हणजे ते अजून घरच नाही, साइट आहे. साइटवर वॉचमनकडे पाहुणी आली तर त्याला मुहूर्त कशाला लागतो?"

त्यांनी कापडाची कड सारखी केली. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. तू मला काही विचारलं नाहीस, मी काही सांगितलं नाही."

मी रस्त्यावर येऊन डॉक्टरांना फोन केला. गौरम्मा दुपारच्या बसने घरी गेली होती. माझं वरातीमागून घोडं.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाची नर्स जीप घेऊन तिला आणायला गेली. सासू दारात आडवी उभी राहिली. ती काय म्हणाली ते नर्सने मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. "बेंगळुरूच्या शिकलेल्या लोकांनीच आषाढात नको म्हणून परत पाठवलं ना? मग आम्ही अडाणी माणसं कशी पाठवू? श्रावण लागू दे."

 नवरा आईच्या मागेच उभा राहिला. जीप रिकामी परत आली.

त्याच आठवड्यात रक्त जायला लागलं. ओढ्याला पाणी होतं. वाडीतल्या माणसांनी तिला बाजेवर घालून पलीकडे आणलं, तिथून जीपने. डॉक्टरांनी तिला वाचवलं. मुलगी गेली. व्यवस्थित वाढलेली होती, असं डॉक्टर म्हणाले. ते मला ऐकायचं नव्हतं.

श्रावणात घरभरणी झाली. रांगोळी, आंब्याची पानं, मंडळाच्या बायका जरीच्या साड्यांत. मी गेले, कारण किल्ली समारंभाने देताना आर्किटेक्ट लागतो. मागच्या बाजूला दूध उतू गेलं, टाळ्या झाल्या. अण्णा तिथे नव्हते. ते पहिल्या खोलीत कॉटवर बसले होते.

"तिला हीच मिळाली असती?"

"हीच. संडास जवळ पडतो."

त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "त्या दिवशी सकाळीच सरी म्हटलं असतं तर?"

"मुलगी वाचली असती," मी म्हटलं. खोटं बोलून त्या म्हाताऱ्याला दिलासा देण्याइतकं माझं मन तेव्हा मोठं नव्हतं. आजही तो दिलासा मी दिला असता का, सांगता येत नाही.

निवास आता चालतो. चारही खोल्या बहुतेक भरलेल्या असतात. गौरम्माच्या वाडीतून मात्र अजून कुणी आलेलं नाही.

मी माझ्या प्रत्येक करारात तेव्हापासून एक ओळ घालते: पाणी आणि संडास सुरू झाले की इमारत वापरायला द्यायची, समारंभ मागाहून. क्लायंट विचारतात, मॅडम, ही ओळ कशाला? मी सांगते, आषाढ दरवर्षी येतो.