आभाळातून आलेला जावई

ग्रामपंचायतीत टीव्ही आला तेव्हाच मी म्हटलं होतं, हे काही सरळ काम नाही. फुकट मिळालेल्या वस्तूवर माझा पहिल्यापासून भरवसा नाही. माय म्हणायची, "या पोट्टीले आपल्या सावलीवर बी भरोसा नाई." नव्हताच. अजूनही नाही. दूधवाला आपण होऊन "आज दूध घट्ट आहे" म्हणाला की मी आधी पातेल्यात बोट बुडवते.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. आमचं गाव वडशाहून सायकलच्या टप्प्यावर. टीव्हीची अँटेना उंच बांबूवर बांधली होती, तरी पडद्यावर चित्र कमी आणि मुंग्या जास्त. एक जण छपरावर चढून बांबू फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "आली, आली! गेली! काऊन हलवलं बे?" त्या मुंग्यांतून आम्ही अंतराळाची ती नवी मालिका पाहिली.

मालिका हिंदीत होती. एक शास्त्रज्ञ यानात बसून दूरच्या ताऱ्याकडे जातो. तिकडे वेळ हळू चालतो म्हणून तो तरुणच राहतो, आणि इकडे त्याची बायको म्हातारी होत जाते. तो परत येणार की नाही, यावर कितीतरी रविवार निघाले. गाव श्वास रोखून पाहायचं. मी मात्र त्याचा भांग पाहत होते. इतके दिवस यानात एकटा, पण केस हलला नाही! दाढी गुळगुळीत, सूट परीटघडीचा. हा माणूस मला काही बरोबर वाटत नव्हता.

माझ्या शेजारी माझी मोठी बहीण बसायची. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, तशी मीही म्हणायची. बाई मालिका पाहताना चकार शब्द बोलत नसे, आणि का बोलत नाही ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाच तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, ठेकेदाराच्या टोळीबरोबर सिरोंचाकडून नदीपलीकडे आंध्रात रस्त्याच्या कामावर गेला. सुरुवातीला निरोप यायचे, मग तेही बंद झाले. बाई माहेरी आली. रडत बसली नाही. शिवणाचं मशीन घेतलं, गावातल्या बायांचे ब्लाउज शिवले, आणि पुढे वडशाच्या शिवणवर्गात शिकवायलाही लागली. सकाळी ती सायकलवर टांग मारून निघाली की मला उगीच ताठ चालावंसं वाटायचं.

तर एका रविवारी तो शास्त्रज्ञ परत आला. मोकळ्या मैदानात यान उतरलं. पांढऱ्या केसांची बायको हार घेऊन उभी. दार उघडलं, हा तसाच तरणाताठा बाहेर आला, ती धावत गेली आणि त्याच्या छातीवर तिनं डोकं टेकवलं. संपलं! ग्रामपंचायतीत सगळ्या बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या, आमची माय तर हुंदके देऊन. माझं डोकंच फिरलं. अगं, काही विचारशील की नाही? एवढी वर्षं कुठे होतास, केसाला धक्का न लागता कसा आलास, एक तरी प्रश्न? नाही. धावली आपली. बाई उठली, म्हणाली, "माह्ये ब्लाउजचे काजं कराचे राह्यले," आणि घरी निघून गेली.

आणि त्याच हप्त्यात भाऊजींचा निरोप आला. आता बोला! परत आलो आहे, ब्रह्मपुरीला मोठ्या भावाकडे उतरलो आहे, बायकोला न्यायला येतो. माय आनंदानं वेडीच झाली. "जित्ता आला ना? आणखीन काय पाह्यजे तुमाले?" बाबा म्हणाले, "गंज दिवसानं आला, पण आला." मी विचारलं, "आत्ताच काऊन आले?" माझा तर पक्का संशय होता की त्यांनीही तो भाग पाहिला असणार. ब्रह्मपुरीत काय टीव्ही नव्हते? नवरा परत आला की बायकोनं हार घेऊन धावायचं, हे सरकारनंच घरोघर शिकवून ठेवलं होतं.

बाईनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. गेली तर शिवणवर्गातली तिची जागा दुसऱ्या कोणाला जाणार, आणि तिकडे काही वाकडं निघालं तर पुन्हा माहेरच्या ओसरीपासून सुरुवात. नाही गेली तर गाव तिलाच बोल लावायला मोकळं. जावं की नाही, एवढाच प्रश्न होता, पण त्यात तिचं सगळं होतं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते. त्या दिवसांत मी घरात सगळ्यांशी भांडले.

भाऊजी मोठ्या भावाला घेऊन आले ते नेमके नाटकाच्या दिवशी. आमच्या झाडीपट्टीत भात कापून झाला की गावोगाव नाटकं लागतात, वडशाच्या कंपन्या येतात. ज्या दिवशी गावात नाटक त्या दिवशी घराघरांत पाहुणे: लेकी, जावई, व्याही, व्याह्यांचे शेजारी. सोयरिकीसुद्धा त्याच गर्दीत जुळतात. आणि त्या दिवशी दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, मग तो वैरी का असेना. त्यात बाबा गावच्या नाट्यमंडळात. ही रीत पुरती ओळखणारा माणूसच येण्यासाठी हा दिवस निवडेल. मी मायला हे बोलून दाखवलं तर ती फणकारली, "तू चूप राय व! पाहुण्याच्या पायाले पाणी दे."

दिलं पाणी. भाऊजींच्या अंगावर नवा टेरिकॉटचा शर्ट, केसांना तेल, गाल भरलेले. रस्त्यावर गिट्टी फोडणाऱ्या माणसाचे गाल असे भरतात होय? मला म्हणाले, "कशी आहेस व? वळखलं का मले?" मी म्हटलं, "आमी इथीच आहोत जी. आमी कुठी जातो?" ते हसले. बाईनं सगळ्यांना वाढलं तसं त्यांनाही वाढलं, जास्त नाही, कमी नाही. मी तिच्या हाताकडे बघत होते, पण हातावरून काही कळेना.

त्या वर्षीचं नाटक होतं 'आभाळातला जावई'. जीपला भोंगा लावून दोन दिवस पुकारा झाला होता. नाटक लिहिलं होतं वडशाच्या एका विनोदी नटानं. हा माणूस मालिका बघायला आमच्याच ग्रामपंचायतीत यायचा, पहिल्या रांगेत तोंड उघडं ठेवून बसायचा. टिंगल करायला साहित्य गोळा करतो आहे, असा माझा तेव्हापासून वहीम. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, सगळ्यांची भाषणं झाली, बाबांचंही झालं, आणि अखेर पडदा वर गेला.

माझा वहीम अर्धाच खरा निघाला. टिंगल होती, पण त्या माणसाचं मालिकेवर जिवापाड प्रेम होतं. यान म्हणजे डांबराचा रिकामा ड्रम, सूट खताच्या पांढऱ्या पोत्यांचा, डोक्यावर उलटं भगुनं आणि पाठीवर धानावर फवारायचा पंप. तरी तो ड्रममधून उतरला तेव्हा अगदी त्या शास्त्रज्ञासारखा उतरला, तसंच हळू पाऊल, तशीच मान. ऑर्गनवाल्यानं मालिकेचीच धून धरली. लोक आधी गप्प झाले आणि मग जे हसले, ते बसायला पसरलेल्या भाताच्या तणसावर आडवे झाले. मला एक गोष्ट तिथं बसल्या बसल्या कळली. मालिकेत पैसा होता, धूर होता, दिव्यांची भिंत होती, पण घरात उरलेल्या बायकोकडे कोणी वळून पाहिलं नव्हतं. ती नुसती केस पांढरे करत होती. नाटकात तिला शेळ्या होत्या, कर्कश सासू होती, मोडकं कुंपण होतं. डांबराच्या ड्रममधलं अंतराळ खोटं होतं हो, पण कुंपण खरं होतं.

शेवटचा अंक सुरू झाला तेव्हा उजाडत होतं. नाटक आमच्याकडे उजाडेपर्यंतच चालतं. पुरुषांच्या बाजूला बसलेल्या भाऊजींचा चेहरा आता मला स्वच्छ दिसत होता. मी नाटक सोडून तोच पाहू लागले. स्टेजवर जावई अंगणात उभा आणि बायको कंबरेवर हात ठेवून दारात. ती त्याला आत घेईना. "चांदणीवर राह्यले म्हनता, तं दाढी कोन करून देत होता?" हशा. "सूट कोन धुवत होतं?" हशा. मग ती एक पायरी खाली उतरली आणि म्हणाली, "अन् भात? भात कोन रांधून देत होतं तुमाले तिकडे?"

त्यानं भगुनं वर सरकवून तोंड उघडलं आणि मंडप फुटला. शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या. तो काय बोलला ते कोणालाच ऐकू आलं नाही. ऑर्गन वाजला, बायको खुदकन हसली, सगळे मिळून नाचले आणि जावई घरात गेला. भाऊजीही हसत होते. सगळ्यांच्या आधी हसायला लागले होते आणि सगळ्यांच्या नंतर थांबले. आता हसले म्हणून मला संशय आला, हे मी कबूल करते. पण नसते हसले तरी आलाच असता. बाई मात्र गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती. तिला हसताना मी पाहिलं नाही.

सकाळी चहा झाल्यावर पाहुणे निघायची वेळ आली आणि माणसं अंगणात जमली. बाबा, माय, भाऊजींचा मोठा भाऊ. भाऊजींनी आपली पिशवी आधीच खांद्याला लावली होती, जणू सगळं ठरलंच होतं. मोठा भाऊ म्हणाला, "बाई, चाल मंग. झालं गेलं सोड." माय म्हणाली, "टीव्हीतली थे बाई एवढी शिकलेली, तिनं घेतलं ना घरात? नाटकातलीनं बी घेतलं." मला वाटलं आता मीच उठून पिशवी हिसकावते.

बाई ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. म्हणाली, "टीव्हीतलीनं इचारलंच नाई. नाटकातलीनं इचारलं, पण त्यानं तोंड उघडलं अन् लोकं हासले. उत्तर कोनालेच आयकू आलं नाई. मले आयकाचं आहे." मग भाऊजींकडे सरळ बघून तिनं विचारलं, "तिकडे तुमाले भात कोन रांधून देत होतं?"

कोणी हसलं नाही. भाऊजींनी आधी भावाकडे पाहिलं, मग मायकडे. माय पुटपुटली, "हे का इचारनं झालं?" पण तिचाही आवाज उतरला होता.

"होती एक," भाऊजी म्हणाले. "पावसाळ्यात तापानं गेली." पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाले, "पोरगी आहे. लहान आहे. शेजारनीकडे ठेवून आलो."

बाबा मटकन खाटेवर बसले. माझा तर तोल सुटला. "म्हनून आठवन आली काय जी? सैपाकीन पाह्यजे तुमाले!" मी आणखीही पुष्कळ बोलले असते, पण बाई म्हणाली, "तू चूप बस." तिनं इतक्या हळू सांगितलं की मी खरंच बसले. माझा संशय शब्दन् शब्द खरा ठरला होता आणि मला कसला म्हणून आनंद झाला नव्हता.

बाईनं विचारलं, "निघताना पोरगीले काय सांगतलं तुमी?"

"आई आनाले चाललो म्हनून सांगतलं."

बाईनं खांब सोडला. मोठ्या भावाला वाटलं ती विरघळली, तो घसा खाकरून काही बोलणार तोच ती म्हणाली, "पोरगीले आनून सोडा इथी. तुमी नका राहू."

"अन् मी?" भाऊजी म्हणाले. अगदी खरंखुरं आश्चर्य होतं त्यांच्या तोंडावर.

"तुमाले दोन हात आहेत. तिले आजून रांधता येत नाई."

ते गेले. मायनं त्या दिवशी चूल पेटवली नाही, बाईनंच पेटवली आणि मग ती वर्गाला गेली. पोरगीला ते कधीच आणणार नाहीत, असं मी घरात छातीठोकपणे सांगत होते. शब्द फिरवणं त्यांना नवीन नव्हतं. शिवाय पोरगी खरंच आहे कशावरून? दया यावी म्हणून रचलेली गोष्टही असू शकते. बाई ऐकून घ्यायची आणि मशीन चालवत राहायची. एकदा पाहिलं तर ती उरलेल्या फुलाफुलांच्या तुकड्यांचं लहान झबलं शिवत होती. "कोनाच्या मापाचं व?" मी विचारलं. "अंदाजानं," ती म्हणाली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं पडायला लागली तेव्हा एका दुपारी भाऊजी आले. आवारात शिरले नाहीत, रस्त्यावरच उभे राहिले. पोरगी एकटी चालत अंगणात आली. टोचलेल्या कानांत धाग्याचे तुकडे, पायात मोठ्या माणसाच्या चपला. मी आधी तिचं नाक पाहिलं. भाऊजींचंच होतं, शंका घ्यायला जागा नव्हती. बाई बाहेर आली. तिनं रस्त्याकडे एकदा पाहिलं. भाऊजी बोलावण्याची वाट बघत होते, ते मला कळत होतं, म्हणजे तिलाही कळलंच असणार. तिनं बोलावलं नाही.

पोरगीनं मान वर करून तेलुगूत काहीतरी विचारलं. लांबलचक विचारलं, मधेच तिचा आवाज चिरकला. आमच्यापैकी कोणाला तेलुगू येत नव्हतं. बाई तिच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "हो."

"काय इचारलं तिनं, समजलं तरी का तुले?" मी म्हटलं.

"नाई," बाई म्हणाली, आणि तिला घेऊन आत गेली.